मधल्या अक्षरांचा शोध

ग्रंथाच्या शेवटी जोडलेली सूची वाचण्यासाठी कोणी ग्रंथ हाती घेत नाही. तथापि त्याच ग्रंथातील एखादे वाक्य पुन्हा हवे झाले, म्हणजे हात प्रथम सूचीकडेच वळतो. आणि सूची नसेल, किंवा आपल्याला हवा तो शब्द तिच्यात नसेल, तर शेजारी असलेला मोठा ग्रंथही मुका वाटू लागतो. आज कोट्यवधी नोंदी संगणकाच्या स्वाधीन झाल्या आहेत. त्यांच्या राशीतून चार-पाच अक्षरे नेमकी कोठे आली आहेत हे चटकन सांगता यावे, यासाठी कोणती सूची निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा दिसतो. वस्तुतः तो फार जुना आहे. आणि त्याच्या उत्तरावर एखाद्या माणसाला स्वतःची नोंद सापडणार की नाही हे अवलंबून असते. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगावा असे योजले आहे.

आपल्याकडे वेदवाङ्मय शतकानुशतके मुखोद्गत राहिले. एखाद्या मंत्राचा निर्देश करावयाचा तर त्याचे आरंभीचे एक-दोन शब्द उच्चारावयाचे, ही तेव्हाची पद्धती. या आरंभीच्या शब्दांना प्रतीक म्हणत. कात्यायनाची ‘सर्वानुक्रमणी’ ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे प्रतीक, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद एवढ्या गोष्टी क्रमाने सांगते. या यादीकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. अनुक्रमणीकाराने आधी प्रश्न ठरविले आहेत. या सूक्ताचा द्रष्टा कोण, देवता कोणती, छंद कोणता, हे विचारले जाणार हे त्याला ठाऊक होते, आणि तेवढ्यांची उत्तरे त्याने तयार ठेवली. एखादा शब्द मध्येच कोठे आला आहे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. ज्याला सारी संहिता पाठ आहे त्याला आरंभ सांगितला की पुढचे आपोआप जिभेवर येते. मधला तुकडा सांगितला तर मात्र त्यालाही कित्येकदा मागे जाऊन सुरुवात शोधावी लागते.

हीच पद्धती छापील ग्रंथात उतरविण्याचे प्रचंड काम अमेरिकेतील पंडित मॉरिस ब्लूमफील्ड यांनी केले. त्यांचा ‘वेदिक कॉन्कॉर्डन्स’ हा ग्रंथ हार्वर्ड प्राच्यमालेत १९०६ साली प्रसिद्ध झाला. तोवर छापल्या गेलेल्या वैदिक ग्रंथांतील मंत्रांचे चरण त्यांनी वर्णानुक्रमाने लावले. एक चरण ऋग्वेदात, अथर्ववेदात, एखाद्या ब्राह्मणग्रंथात कोठकोठे आला आहे, हे अभ्यासकाला एका जागी दिसू लागले. परंतु हा वर्णानुक्रमही चरणाच्या पहिल्या अक्षरापासून लावलेला होता. चरणातील तिसरा शब्द तेवढा आठवत असेल, तर हा हजारावर पानांचा ग्रंथ त्या अभ्यासकाला फारशी मदत करीत नाही. त्यासाठी निराळी सूची हवी होती. वेदांतील प्रत्येक पदाची स्थाने देणारे ‘वैदिक-पदानुक्रम-कोष’ हे काम विश्वबंधू यांच्या संपादनाखाली लाहोरात सुरू झाले आणि फाळणीनंतर होशियारपूर येथे पुढे चालले. एकाच वाङ्मयाच्या या दोन सूच्या झाल्या, कारण विचारणाऱ्यांचे प्रश्न दोन होते.

युरोपात शब्दसूचीचा आरंभ याहून पुष्कळ आधी झाला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस येथील सेंट जाक मठात डोमिनिकन संन्याशांनी सेंट शेरच्या ह्यूच्या नेतृत्वाखाली लॅटिन बायबलची शब्दसूची तयार केली. बायबलचे अध्याय नुकतेच पाडले गेले होते, चरणांना मात्र अद्याप क्रमांक नव्हते. तेव्हा या संन्याशांनी प्रत्येक अध्यायाचे मनानेच सात भाग कल्पिले, त्यांना पहिली सात अक्षरे दिली, आणि प्रत्येक शब्दापुढे पुस्तक, अध्याय व भाग यांची खूण लिहिली. सूची आटोपशीर झाली. पण नेहमी येणाऱ्या शब्दापुढे नुसत्या खुणांच्या रांगा दिसत, आणि त्यांतील आपली कोणती हे ठरविण्यासाठी एकेक पान उलटावे लागे. पुढे इंग्लंडमधून आलेल्या संन्याशांनी दुसरी सूची केली. तीत शब्दाभोवतीचे वाक्यच लिहून टाकले. आता पाने उलटण्याचे श्रम वाचले. परंतु सूची इतकी फुगली की ती वापरणे अवघड झाले. त्या शतकाच्या अखेरीस तिसरी सूची झाली. तीत शब्दाभोवतीचे मोजके शब्द ठेवले होते, आणि तीच सर्वत्र रूढ झाली. फार लहान सूची शोधणाऱ्याचे काम वाढविते, फार मोठी सूची स्वतःच ओझे होते, हा धडा सातशे वर्षांपूर्वी हातांनी लिहून शिकलेला आहे. संगणक आले म्हणून तो रद्द झालेला नाही.

आरंभ आणि शब्द यांच्याखेरीज आणखी एक प्रश्न विद्वानांना पडत होता. जुन्या शिलालेखाचा कोपरा फुटलेला असतो, पपायरसचा कागद कुरतडलेला असतो, आणि शब्दाची फक्त शेवटची अक्षरे उरलेली असतात. अशा वेळी नेहमीचा कोश काय कामाचा? जर्मन कायदेपंडित ओटो ग्राडेनविट्झ यांनी १९०४ साली लॅटिन शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत तेच शब्द एकदा पहिल्या अक्षरापासून आणि एकदा शेवटच्या अक्षरापासून मागे वाचीत लावलेले होते. शेपूट हाती असलेल्याने दुसरी यादी उघडावी. पुढे १९५० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी यंत्राकडून आणखी एक युक्ती करवून घेतली. लेखाच्या शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द पाळीपाळीने मध्यभागी आणून, त्याच्या आजूबाजूचे शब्द तसेच ठेवून, यादी वर्णानुक्रमे छापावयाची. एकच शीर्षक त्यामुळे चार-पाच ठिकाणी दिसू लागले. पॅरिसच्या तिसऱ्या सूचीचाच हा यंत्राने केलेला अवतार होय.

यानंतर सूची कागदावरून यंत्राच्या तबकडीवर गेली. बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत काम करणारे रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी १९७० साली एक रचना मांडली, ती १९७२ मध्ये नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. तिला बी-ट्री म्हणतात; त्यातील ‘बी’ कशाचा, हे तिच्या जनकांनी निश्चित सांगितले नाही. ही रचना समजणे कठीण नाही. कोशाच्या पहिल्या पानावर केवळ मोठे टप्पे लिहावे, त्यांतील प्रत्येक टप्प्यासाठी दुसरे पान असावे, त्या पानावर त्याहून लहान टप्पे असावेत, आणि असे करीत शेवटी नोंदीपर्यंत पोचावे. एका पानावर दोनशे टप्पे मावत असतील, तर तीन पाने उलटून ८० लक्ष नोंदींतून, आणि चार पाने उलटून १६० कोटी नोंदींतून एक नोंद हाती येते. नव्या नोंदी आल्या म्हणजे भरलेले पान दुभंगते आणि सारी रचना स्वतःला सावरून घेते. पुढल्या दहा वर्षांत ही सूची डेटाबेसच्या जगात सर्वत्र पसरली आणि आजही कोणतीच निराळी सूचना दिली नाही तर बहुतेक ठिकाणी हीच तयार होते.

परंतु ही सूची स्वभावाने प्रतीकाची आहे. ती पहिल्या अक्षरापासून लावलेली आहे. ‘नगर’ या अक्षरांनी आरंभ होणारी नावे द्या, असे म्हटले की ती नेमक्या पानावर जाऊन थांबते. ज्या नावात ‘गरकर’ ही अक्षरे कोठेही येतात ती द्या, असे म्हटले की ती निरुपाय होते. कारण आगरकर ‘आ’मध्ये आहेत आणि नगरकर ‘न’मध्ये. मग यंत्र सूची बाजूला ठेवते आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळे वाचीत सुटते. अक्षरे जुळवून पाहण्याच्या फार चलाख रीती १९७७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी बॉयर आणि मूर यांची रीत तर मजकुरातील पुष्कळ अक्षरे न पाहताच ओलांडते. तरीही प्रत्येक नोंद उघडण्याचे श्रम तिने चुकत नाहीत. वाचन कितीही भरभर केले, तरी साऱ्या ग्रंथालयाचे वाचन ते साऱ्या ग्रंथालयाचेच वाचन.

आरंभाच्या शोधातही एक खाच आहे, आणि ती मराठी माणसाला सहज उमगेल. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, आणि त्याच्याही पुढे ‘क्ष’ व ‘ज्ञ’. युनिकोड या जागतिक संकेतात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी जागा मिळाली आहे, आणि ‘क्ष’ हे ‘क’ व ‘ष’ यांचे जोडाक्षर म्हणून ‘क’मध्ये लिहिले जाते. अर्थात भाषेचा क्रम निराळा आणि संकेतांकांचा क्रम निराळा. सूची भाषेच्या क्रमाने लावली तर याद्या वाचताना सोय होते. परंतु आरंभीची अक्षरे जुळविणाऱ्या शोधाला संकेतांकांचा क्रम लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये म्हणूनच त्या शोधासाठी निराळ्या जातीची सूची मागावी लागते. ती न मागितल्यामुळे सूची असूनही यंत्र संथ का, असा प्रश्न पडून डोके खाजविणारे पुष्कळ आढळतात.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे प्राप्त आहे, कारण त्यातील दोष माझाच होता. मी एका कचेरीत असताना जुन्या जमीन-नोंदी संगणकावर उतरविण्याचे काम पुरे झाले. खातेदाराचे नाव कागदावर जसे होते तसेच एका रकान्यात भरले होते. आरंभी कोठे ‘कै.’, कोठे ‘श्री.’, खातेदार वयाने लहान असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि मग पालन करणाऱ्याचे नाव. चाचणीच्या वेळी मधल्या अक्षरांचा शोध घेतला की यंत्राला मिनिटेच्या मिनिटे लागत आणि बाकीच्या खिडक्यांवरची माणसे तिष्ठत राहत. तेव्हा शोध फक्त आरंभीच्या अक्षरांवरून घ्यावा, मधला शोध बंद ठेवावा, अशी टिप्पणी माझ्यापुढे आली आणि मी तिच्यावर सही केली. यंत्र चपळ झाले आणि सर्वांनी समाधान मानले.

काही दिवसांनी एक वृद्ध बाई आल्या. नवरा तरुणपणीच वारलेला. जमिनीवर लहान मुलाचे नाव लागले, आणि पालनकर्ती म्हणून यांचे. मुलगाही पुढे निवर्तला. त्याला घरात ज्या नावाने हाक मारीत तेवढेच त्यांनी सांगितले. कागदावरचे पाळण्यातले नाव निराळे होते आणि ते त्यांच्या मनातून गेले होते. स्वतःचे नाव मात्र त्या ठामपणे सांगत होत्या. लिपिकाने ते टंकित केले. पडद्यावर अक्षरे उमटली, नोंद आढळली नाही.

“आजी, तुमचं नाव यात नाही,” तो म्हणाला.

“असं कसं? मामलेदारासमोर अंगठा दिलाय मी. माझं नाव कागदावर आहे.”

नाव कागदावर होते. ते मुलाच्या नावानंतर, ‘अ. पा. क.’च्या पुढे, ओळीच्या मधोमध होते. संगणकातही होते. मधले पाहावयाचे नाही, असे आम्हीच यंत्राला सांगितले होते. त्यांना तीन खेपा घालाव्या लागल्या. शेवटी जुने फेरफाराचे पुस्तक काढून एका वृद्ध कारकुनाने बोटाने ओळी लावीत नोंद शोधली. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. त्याला जेवढे पाहण्याची मुभा होती तेवढ्यात नोंद नव्हतीच. परंतु ‘येथे पाहिले नाही’ आणि ‘येथे नाही’ या दोन वाक्यांतला फरक खिडकीपलीकडच्या माणसाला कोण समजावून देणार?

मधल्या अक्षरांच्या शोधावर उपाय उपलब्ध होता, हे मला नंतर कळले. शब्दाचे तीन तीन अक्षरांचे तुकडे पाडावयाचे, एकमेकांवर चढलेले. ‘नगरकर’ या नावात ‘नगर’, ‘गरक’, ‘रकर’ असे तुकडे पडतात. यांना ट्रायग्रॅम म्हणतात. प्रत्येक तुकड्यापुढे तो ज्या नोंदींत येतो त्यांची यादी ठेवावयाची. आता ‘गरकर’ हवे असेल, तर ‘गरक’ची यादी आणि ‘रकर’ची यादी समोर ठेवून दोहोंत समान असणाऱ्या नोंदी निवडावयाच्या. एखाद्या नोंदीत पहिला तुकडा एका शब्दात आणि दुसरा भलत्याच शब्दात असू शकेल. म्हणून निवडलेल्या नोंदी शेवटी प्रत्यक्ष वाचून खात्री करावयाची. लक्षावधी नोंदींऐवजी मग दहा-वीस वाचाव्या लागतात. पॅरिसच्या संन्याशांनी शब्दाला जे केले तेच येथे शब्दाच्या तुकड्याला केले आहे.

तीनच अक्षरे का? समजा, लिपीत पन्नास चिन्हे आहेत. दोन अक्षरांचे तुकडे फार तर २,५०० होतील, म्हणजे प्रत्येकापुढची यादी अतिशय लांब. चार अक्षरांचे ६२,५०,००० संभवतात. सूचीच अफाट होईल. तीन अक्षरांचे १,२५,००० हा मधला मार्ग ठरतो. गूगल कंपनीने २००६ साली संगणकीय आज्ञावल्यांच्या शोधाची जी सेवा उघडली, तिच्या मुळाशी हीच त्र्यक्षरी सूची होती. ती सेवा २०१२ च्या जानेवारीत बंद झाली, त्याच महिन्यात तिचे कर्ते रस कॉक्स यांनी तिची रचना लिहून प्रसिद्ध केली. पोस्टग्रेसमध्ये हे काम रशियातील दोन गृहस्थांनी केले. मॉस्को विद्यापीठाच्या खगोलसंस्थेतील ओलेग बार्तुनोव्ह आणि त्यांचे सहकारी तिओदोर सिगाएव यांनी त्र्यक्षरी तुकड्यांची जोडणी तयार केली, आणि २००६ मध्ये जिन या नावाची उलट सूची त्या डेटाबेसमध्ये आली. २०११ च्या आवृत्तीपासून मधल्या अक्षरांचा साधा शोध या सूचीतून होऊ लागला, आणि २०१३ पासून अधिक गुंतागुंतीच्या नमुन्यांचाही.

तथापि कोणतीही सूची फुकट मिळत नाही. बी-ट्रीमध्ये एका नावासाठी एकच नोंद करावी लागते. वीस अक्षरांच्या नावासाठी त्र्यक्षरी सूचीत सुमारे वीस ठिकाणी हात लावावा लागतो. जागाही लागते, कित्येकदा मूळ मजकुराहून अधिक. पोस्टग्रेसमध्ये याच तुकड्यांसाठी जिस्ट नावाची दुसरी सूची आहे. ती तुकड्यांची संक्षिप्त खूण ठेवते; जागा कमी घेते, नव्या नोंदी सहज सामावते, पण शोधताना चुकीचे उमेदवार अधिक आणते. जिन शोधात चपळ, भरताना जड. जेथे नोंदी क्वचित बदलतात आणि शोध वारंवार होतो, तेथे जिन योग्य, आणि जुने अभिलेख याच प्रकारात मोडतात. शब्दाच्या मधली दोनच अक्षरे विचारली तर त्र्यक्षरी सूची हात टेकते. शेवटची अक्षरे तेवढी विचारली जाणार असतील, तर ग्राडेनविट्झप्रमाणे नावे उलटी लिहून साधी बी-ट्री पुरते. परंतु ‘कर’ने संपणारी सगळी आडनावे मागितली, तर उत्तरच इतके मोठे होईल की सरळ वाचन बरे. लांब निबंधातील शब्द शोधावयाचे असतील, तर शब्दांचीच सूची करावी. देवनागरीत आणखी एक सावधगिरी लागते. आपल्याला ‘का’ हे एक अक्षर वाटते, संकेतात ती दोन चिन्हे असतात. तेव्हा मात्रेला यंत्र अक्षर मानते की नाही, हे आधी खऱ्या नावांवर पडताळून पाहिले पाहिजे.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निघते. सूची म्हणजे पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे आधी केलेले अनुमान. कात्यायनाने ते केले, पॅरिसच्या संन्याशांनी केले, बायर आणि मॅक्‌क्राइट यांनी केले. अनुमान चुकले तर मजकूर जागच्या जागी सुरक्षित राहतो, आणि तरीही तो नसल्यासारखा होतो. म्हणून कोणती सूची वेगवान, हे विचारण्याआधी शोधावयास येणाऱ्या माणसाच्या हाती काय असते हे पाहावे. पुष्कळांच्या हाती नावाचा आरंभ नसतो. पंडितांच्या हाती फुटक्या शिलालेखाचे शेपूट असते, आणि बाईमाणसाच्या हाती दुसऱ्याच्या नावानंतर लिहिलेले स्वतःचे नाव.

आमच्या कचेरीत पुढे त्र्यक्षरी सूची तयार करविली. ती बांधावयास एक रात्र लागली आणि तिने नावांच्या यादीहून जास्त जागा घेतली. दुसऱ्या दिवशी मी प्रथम त्या बाईंचे नाव टंकित करविले. नोंद तत्काळ आली: मुलाचे नाव, ‘अ. पा. क.’, आणि मग त्यांचे. मधला शोध बंद ठेवण्याची जुनी टिप्पणी मी रद्द केली. पण ती फाइलमधून काढू दिली नाही. पुढच्या अधिकाऱ्याला ती वाचावयास मिळावी, एवढाच त्यात हेतू होता.